काडेवेचं प्रकरण: विक्रमी विक्री, पण न पेलणारं भाडं

29 जानेवारी 2024 रोजी बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग न्यायालयात काडेवे समूहाने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. बर्लिनचं काडेवे, हाम्बुर्गचं आल्स्टरहाउस आणि म्युनिखचं ओबरपोलिंगर ही तीन नामांकित डिपार्टमेंट स्टोअर चालवणारा आणि सुमारे 1500 माणसांना रोजगार देणारा हा समूह. गिऱ्हाईक फिरकत नव्हतं म्हणून अर्ज आला असता, तर त्यात अभ्यासण्यासारखं फारसं नव्हतं. पण नुकत्याच संपलेल्या आर्थिक वर्षात समूहाची विक्री 70 कोटी युरोंच्या वर गेली होती, म्हणजे कोरोनाच्या आधीपेक्षाही जास्त. व्यवस्थापनाने बोट ठेवलं ते भाड्यावर. महागाई निर्देशांकाला जोडलेलं भाडं दुकानाच्या आवाक्याबाहेर गेलं होतं.

आता हीच गोष्ट मालकाच्या बाजूने पाहा. शहराच्या मध्यवस्तीत, मेट्रो स्थानकासमोर, शंभर वर्षांची ओळख असलेली इमारत. भाडेकरू एकच, करार लांबचा, भाडं महागाईबरोबर आपोआप वाढणारं. गुंतवणुकीच्या कोणत्याही सादरीकरणात ही चार वाक्यं सर्वांत वर येतील, आणि ती खोटीही नाहीत. तरीही या इमारतीचा मालक असलेला समूह भाडेकरूच्या दोन महिने आधीच दिवाळखोरीत गेला होता. दोघं एकाच वेळी कसे बुडाले, हे समजलं की मध्यवस्तीतल्या डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत पैसे घालताना काय तपासायचं हे बरंचसं समजतं. म्हणून हे प्रकरण मी सुरुवातीपासून मांडतो आहे.

जागेची पुण्याई

आडोल्फ यांडोर्फ हा बर्लिनचा व्यापारी. साध्या, कामगार वस्तीतल्या गिऱ्हाइकांसाठी त्याची अनेक दुकानं होती. 27 मार्च 1907 रोजी त्याने श्रीमंतांसाठी पहिलं दुकान उघडलं आणि त्याला नाव दिलं काउफहाउस डेस वेस्टन्स, म्हणजे पश्चिमेकडचं भांडार. लोक त्याच्या आद्याक्षरांवरून काडेवे म्हणू लागले. वास्तुकार योहान एमिल शाउट. सुरुवातीला विक्रीची जागा सुमारे 24,000 चौरस मीटर होती.

यांडोर्फने ही जागा का निवडली, ते आजच्या गुंतवणूकदारानेही पाहावं. विटेनबेर्गप्लात्झचं भुयारी रेल्वेचं स्थानक 1902 मध्ये सुरू झालं होतं. शहराचा पैसेवाला वर्ग पश्चिमेकडे सरकत होता, पण आसपासचा रस्ता तेव्हा मुख्यतः राहत्या घरांचा होता. म्हणजे त्याने तयार बाजारपेठेत दुकान टाकलं नाही. रेल्वे आली, रहिवासी आले, बाजार अजून यायचा होता, अशा क्षणी तो शिरला. बाजार मग त्या दुकानाभोवती तयार झाला. जागेची किंमत दुकानामुळे वाढली, ही बाब पुढच्या सगळ्या मालकांनी नजरेआड केली असं मला वाटतं. त्यांनी ते उलट वाचलं: जागा भारी आहे, दुकान काय, कुठलंही चालेल.

मालकी पुढे बदलत गेली. 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात हेर्मान टीत्झ या ज्यू कुटुंबाच्या समूहाने काडेवे घेतलं आणि इमारतीवर दोन मजले चढवले. 1933 मध्ये नाझी सत्तेने त्या कुटुंबाला स्वतःच्याच व्यवसायातून हुसकावलं आणि कंपनीचं नाव बदलून हेर्टी केलं. मालकी हक्काच्या इतिहासातलं हे पान कोणीही ओझरतं वाचू नये. 1943 मध्ये विमान कोसळून लागलेल्या आगीत इमारत जवळजवळ जळून गेली. 1950 मध्ये दोन मजले पुन्हा उघडले, 1956 मध्ये पुनर्बांधणी पुरी झाली आणि सहाव्या मजल्यावरचं प्रसिद्ध खाद्यदालन सुरू झालं. विभागलेल्या शहरात काडेवे हे पश्चिम बर्लिनच्या सुबत्तेचं चिन्ह झालं. 1970 च्या दशकात जागा 44,000 आणि 1990 च्या दशकात 60,000 चौरस मीटर झाली. 1994 मध्ये हेर्टी कारश्टाट या दुसऱ्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअर कंपनीकडे गेली आणि तिच्याबरोबर काडेवेही.

या सगळ्या काळात एक गोष्ट मात्र टिकून होती. बहुतेक वर्षं इमारत आणि दुकान एकाच मुठीत होतं. भाडं असलंच तर एका खिशातून दुसऱ्या खिशात.

दुकान आणि भिंती वेगळ्या होतात

2006 मध्ये कारश्टाटक्वेले ही कारश्टाटची मूळ कंपनी कर्जाने वाकली होती. तिने आपल्या 174 मालमत्ता गोल्डमन सॅक्सच्या व्हाइटहॉल फंडांबरोबर काढलेल्या संयुक्त कंपनीला सुमारे 450 कोटी युरोंना विकल्या. त्या कंपनीत 51 टक्के फंडांचे, 49 टक्के स्वतःचे. दुकानं जिथल्या तिथे राहिली, फक्त आता भाडं द्यायचं होतं. दोन वर्षांनी उरलेले 49 टक्केही गेले आणि हायस्ट्रीट नावाने ओळखला जाणारा गुंतवणूकदारांचा गट मालक झाला.

विकून पुन्हा भाड्याने घेण्याचा हा प्रकार मी सरसकट वाईट म्हणणार नाही. पैसा दुकानाच्या आधुनिकीकरणात, मालात, माणसांत गेला तर तो शहाणा निर्णय ठरू शकतो. इथे तो मुख्यतः जुनं कर्ज फेडण्यात गेला. म्हणजे व्याजाचं ओझं उतरलं आणि त्याच जागी भाड्याचं ओझं चढलं. फरक असा की कर्ज कधीतरी फिटतं, भाडं कधीच फिटत नाही. कंपनीने 2007 मध्ये आर्कान्डोर असं नवं नाव घेतलं आणि जून 2009 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

2010 मध्ये निकोलास बेर्गग्रुएन या गुंतवणूकदाराने कारश्टाट प्रतीकात्मक एका युरोला घेतलं, पण आधी हायस्ट्रीटकडून भाडेकपात कबूल करून घेतली. पुढच्या खरेदीदाराने या एका घटनेवर रात्रभर विचार करायला हवा होता. 2006 मध्ये ज्या भाड्याच्या आधारे 450 कोटींचा हिशेब मांडला गेला, ते भाडं चार वर्षांतच कमी करावं लागलं. इमारती त्याच होत्या, रस्ते तेच होते, दर्शनी भाग तोच होता. कमी पडली ती भाडेकरूची ऐपत.

बेन्को यांचा डाव

2012 च्या अखेरीस सिग्ना या ऑस्ट्रियन समूहाने हायस्ट्रीटकडून 17 मालमत्ता 110 कोटी युरोंहून अधिक किमतीला घेण्याचा करार केला. त्यात काडेवे हा मुकुटमणी. सिग्नाचे संस्थापक रेने बेन्को. 2013 मध्ये सिग्नाने काडेवे समूहाच्या व्यवसायातही 75.1 टक्के वाटा घेतला आणि 2014 मध्ये उरलेलं कारश्टाटही एका युरोला स्वतःकडे घेतलं. 2015 मध्ये थायलंडच्या सेंट्रल ग्रुपने, इटलीतल्या रिनाशेंतेच्या मार्फत, काडेवे समूहाच्या व्यवसायाचे 50.1 टक्के घेतले. सिग्नाकडे 49.9 टक्के राहिले.

इथे थांबून चित्र नीट डोळ्यांपुढे आणलं पाहिजे. दुकान चालवणारी कंपनी: निम्मी थाई समूहाची, निम्मी सिग्नाची. भाडं घेणारी कंपनी: सिग्नाच्या छत्राखाली. भाडं देणाऱ्या आणि घेणाऱ्या, दोन्ही बाजूंना सिग्ना बसलेली.

अशा रचनेत भाडं वाढलं तर काय होतं? दुकानाचा नफा एक युरोने घटतो, त्यातला निम्मा तोटा सिग्नाचा, निम्मा भागीदाराचा. पण इमारतीच्या कंपनीचं उत्पन्न एक युरोने वाढतं, आणि इमारतीचं मूल्य तर त्या एका युरोच्या पंचवीस-तीस पट वाढतं. कारण भाडेउत्पन्नाच्या इमारतीची किंमत भाड्याला अपेक्षित परताव्याच्या दराने भागून काढतात. दर 4 टक्के असेल तर वर्षाच्या एका युरो भाड्याची किंमत 25 युरो. दर साडेतीन टक्के असेल तर साडेअठ्ठावीसच्या वर. दुकानात गेलेला एक युरो हा एकच युरो असतो. इमारतीत आलेल्या एका युरोचे मूल्यांकनाच्या कागदावर अठ्ठावीस होतात, आणि त्या अठ्ठावीसवर बँक कर्ज देते.

काडेवेचं भाडं नेमकं कोणत्या हेतूने ठरलं, यावर मी बोलत नाही. मी रचनेबद्दल बोलतो आहे. रचनाच अशी असेल की भाडं वाढवण्यात पंचवीस पट बक्षीस आणि भाडं पेलवणारं ठेवण्यात काहीच बक्षीस नाही, तर तिथला भाडेकरार बाजारातला पुरावा म्हणून वाचू नये. दोन अनोळखी पक्षांनी ताणून-तुटून ठरवलेलं भाडं ही एक माहिती असते. एकाच घरात ठरलेलं भाडं ही फक्त एक संख्या असते.

त्याच काळात इमारतीवर खरा खर्चही होत होता, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. 2016 पासून रेम कोलहास यांच्या ओएमए या वास्तुसंस्थेच्या आराखड्यानुसार काडेवेचं नूतनीकरण सुरू झालं. एवढ्या अवाढव्य दुकानात माणूस हरवतो, म्हणून त्यांनी इमारतीचे चार भाग कल्पिले. प्रत्येकाचं प्रवेशद्वार वेगळं, मधली मोकळी उंच पोकळी वेगळी, वेगळ्या वयाच्या आणि आवडीच्या गिऱ्हाइकासाठी. दुकान चालू ठेवून हे काम टप्प्याटप्प्याने झालं. एका प्रचंड दुकानाऐवजी चार आटोपशीर दुकानं हा विचार मला फार आवडतो. डिपार्टमेंट स्टोअरची खोली, म्हणजे दर्शनी भिंतीपासून आतपर्यंतचं अंतर, हीच त्याची मुख्य अडचण असते आणि त्यांनी थेट तिलाच हात घातला.

भाडं पेलणं म्हणजे काय

आता हिशेब. पुढचे आकडे काडेवेच्या वह्यांमधले नाहीत. पद्धत दाखवण्यासाठी मी गृहीत धरलेले आहेत.

दुकानात 100 युरोंची विक्री झाली. त्यातले 58 मालाच्या खरेदीत गेले समजा. 20 पगारात. वीज, जाहिरात, वाहतूक, सुरक्षा, देखभाल, संगणक यंत्रणा यांत 10. उरले 12. यातून भाडं, नव्या सजावटीची तरतूद आणि नफा हे सगळं निघायचं. भाडं 8 असेल तर दुकान श्वास घेतं. 11 झालं तर नफा नाही, नूतनीकरण थांबतं. 13 झालं तर दुकान मालकाला पोसण्यासाठी स्वतःचं भांडवल खातं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला गर्दी तेवढीच दिसते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? विक्री हा आड, भाडं हा पोहरा. गुंतवणूकदार मात्र वर्षानुवर्षं पोहऱ्याची लांबी-रुंदी मोजत बसतो.

गर्दी आणि विक्रीचा आकडा फसवतो तो इथेच. जर्मनीत 2022 ची सरासरी महागाई 6.9 टक्के होती, 2023 ची 5.9 टक्के. दोन वर्षं मिळून 13 टक्क्यांहून थोडी जास्त. एवढ्या महागाईत विक्रीचा विक्रम होण्यात काही भाग निव्वळ वाढलेल्या किमतींचा असतो. निर्देशांकाला बांधलेलं भाडंही साधारण त्याच प्रमाणात वर गेलं. शिवाय मालाचा खर्च वाढला, पगार वाढले, विजेचं बिल वाढलं. वस्तूंच्या किमती गिऱ्हाईक सहन करील तेवढ्याच वाढवता येतात. भाड्याला तशी मर्यादा नसते, ते सूत्राने वाढतं.

जर्मन कायद्यात या सूत्राला एक अट आहे, आणि ती गुंतवणूकदाराने समजून घ्यावी. व्यापारी जागेचं भाडं ग्राहक किंमत निर्देशांकाला जोडायचं असेल तर मालकाला किमान 10 वर्षं करारात बांधून घ्यावं लागतं. भाडेकरूला स्थैर्य मिळावं हा त्यामागचा हेतू. महागाई दीड-दोन टक्क्यांच्या घरात होती तोवर हे दोघांनाही सोयीचं होतं. मालकाला वाढीची हमी, भाडेकरूला जागेची हमी. 2022 मध्ये महागाई उसळली तेव्हा त्याच कलमाने भाडेकरूचा गळा आवळला.

तरीही सगळा दोष निर्देशांकावर टाकायला मी तयार नाही. 13 टक्के वाढीने जे दुकान न्यायालयात जातं, त्याचं मुळातलं भाडंच काठोकाठ भरलेलं असतं. नीट ठरवलेल्या भाड्यात एवढा धक्का सोसायची जागा असायला हवी. 100 पैकी 8 असलेलं भाडं विक्री न वाढता 13 टक्क्यांनी चढलं तर 9 होतं. त्रास होतो, दुकान बुडत नाही. निर्देशांकाने शेवटचा थेंब टाकला, भांडं आधीच भरलं होतं असा माझा निष्कर्ष आहे.

व्याजदर फिरले

मालकाच्या बाजूला याच वेळी दुसरंच संकट होतं. जुलै 2022 पर्यंत युरोपीय मध्यवर्ती बँकेचा ठेवींवरचा दर उणे अर्धा टक्का होता. सप्टेंबर 2023 मध्ये तो 4 टक्के झाला. चौदा महिन्यांत साडेचार टक्के.

वरच्या भागाकारात हे घालून पाहा. समजा एका इमारतीचं वार्षिक भाडं 4 कोटी युरो. परताव्याचा दर साडेतीन टक्के धरला तर मूल्य 114 कोटी. तोच दर 5 टक्के झाला तर 80 कोटी. भाड्यात एक पैही कमी झाली नाही आणि 34 कोटी गेले. इमारतीवर 70 कोटींचं कर्ज असेल तर मालकाचं स्वतःचं भांडवल 44 कोटींवरून 10 कोटींवर येतं. आणि भाडेकरूने हात वर करून भाडं 3 कोटींवर आणलं, तर मूल्य 60 कोटी. कर्ज मूल्यापेक्षा मोठं. बँक तारण वाढवून मागते, नवं कर्ज देणारा कोणी नाही, आणि मालकाची दारं बंद होतात.

सिग्नाच्या बाबतीत हे एका इमारतीपुरतं नव्हतं. सर्वोत्तम मालमत्ता ज्या सिग्ना प्राइम कंपनीत होत्या, तिने 2022 च्या हिशेबात मालमत्तांची मूल्यं 100 कोटी युरोंहून अधिक खाली आणली. 2023 च्या शरद ऋतूत हाम्बुर्गच्या 245 मीटर उंचीच्या नियोजित एल्बटॉवरचं काम अर्ध्यावर थांबलं. 29 नोव्हेंबर 2023 रोजी सिग्ना होल्डिंगने व्हिएन्नात दिवाळखोरीचा अर्ज केला, डिसेंबरच्या अखेरीस सिग्ना प्राइमनेही. जानेवारी 2024 मध्ये आधी गालेरिया कारश्टाट काउफहोफ, म्हणजे सिग्नाचीच डिपार्टमेंट स्टोअरची दुसरी साखळी, आणि मग काडेवे समूह. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, ते इथे काही आठवड्यांत दिसलं. दुकानाचा भागधारक कोसळलेला आणि घरमालकही कोसळलेला, कारण मुळात ते दोघं एकच होते. ज्या गुंतवणूकदाराने भाडेकरूच्या मालकाची हमी घेऊन निश्चिंत राहायचं ठरवलं असतं, त्याची हमी त्याच दिवशी कागदाचा तुकडा झाली असती.

लांब कराराचं बळ

या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा कायद्याचा आहे. पंधरा-वीस वर्षांचा भाडेकरार पाहिला की गुंतवणूकदाराला बरं वाटतं. मूल्यांकनकारही त्याला जास्त गुण देतो. पण जर्मन दिवाळखोरी कायद्याच्या कलम 109 नुसार भाडेकरू दिवाळखोरीत गेला की, कराराची मुदत कितीही शिल्लक असो, जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या सूचनेवर भाडेकरार संपवता येतो. मालकाला नुकसानीचा दावा करता येतो, पण तो साध्या धनकोंच्या दाव्यांच्या रांगेत, शेवटाकडे.

याचा अर्थ, चांगल्या दिवसांत करार वीस वर्षांचा असतो आणि वाईट दिवसांत तीन महिन्यांचा. नेमका जेव्हा त्या कराराचा आधार हवा, तेव्हाच तो आखडतो. आणि भाडेकरूला हे माहीत असतं. काडेवे समूहाने अर्ज करताना स्वतःच्या देखरेखीखाली पुनर्रचनेचा मार्ग निवडला. दुकान चालू, पगार चालू, आणि भाड्याची बोलणी नव्याने. या बोलण्यांत मालकाच्या हातात काय असतं? इमारत रिकामी करून घेण्याची धमकी.

आणि ती धमकी किती पोकळ, हे इमारतीच्या शरीरावरून कळतं. साठ हजार चौरस मीटरचं डिपार्टमेंट स्टोअर रिकामं झालं तर त्याचं करायचं काय? मजले इतके खोल की मध्यभागी दिवसाचा उजेड पोचत नाही. कार्यालयं करायची तर मधोमध छेद देऊन चौक काढावा लागतो, म्हणजे ज्या चौरस मीटरचे पैसे मोजले तेच पाडायचे. सरकते जिने काढून स्वतंत्र जिने, लिफ्ट, पाण्याच्या आणि हवेच्या नव्या नळ्या, आगीपासून सुटकेचे नवे मार्ग. तळमजल्याला चांगलं भाडं मिळतं, पहिल्या मजल्याला त्याच्या अंशाने, आणि चौथ्या-पाचव्या मजल्यावरचं वेगळं दुकान चालवायला कोणी राजी नसतं. एकाच छताखाली सगळं असतं म्हणूनच गिऱ्हाईक सहाव्या मजल्यावर खायला चढतं आणि उतरताना चौथ्यावर थांबतं. दुकान तुकड्यांत वाटलं की वरच्या मजल्यांची ही ओढ संपते.

रूपांतर अशक्य मात्र नाही. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरची लॉर्ड अँड टेलरची 1914 ची इमारत 2017 मध्ये 85 कोटी डॉलरला वीवर्कला विकायचं ठरलं आणि 2020 मध्ये अॅमेझॉनने ती स्वतःच्या कार्यालयासाठी घेतली. पण तिथे मॅनहॅटनचा कार्यालयांचा बाजार आणि खोल खिशाचा एकच वापरकर्ता होता. अशा जुळून आलेल्या योगावर किंमत आखता येत नाही. सावध गुंतवणूकदाराने आधी रिकाम्या इमारतीची किंमत काढावी: रूपांतराचा सगळा खर्च, दोन-तीन वर्षांचं बुडालेलं उत्पन्न आणि परवानग्यांचा वेळ वजा करून. मग चालू भाड्यावरची किंमत काढावी. दोन्हींतलं अंतर हे केवळ भाडेकरूच्या प्रकृतीवर उभं असलेलं मूल्य. डिपार्टमेंट स्टोअरमध्ये ते अंतर फार मोठं निघतं.

विकत कोणी घेतली

एप्रिल 2024 मध्ये उत्तर आलं. काडेवेची इमारत सेंट्रल ग्रुपने घेतली, बातम्यांनुसार सुमारे 100 कोटी युरोंना. पुढे दुकानाच्या कंपनीतूनही सिग्ना बाहेर पडली आणि काडेवे थाई समूहाकडे एकवटलं. पेन्शन फंड नाही, विमा कंपनी नाही, तर ज्याला ते दुकान चालवायचं होतं त्यानेच ती घेतली.

हा आकडा ऐकून अनेकांना वाटलं की इमारतीची किंमत शेवटी टिकलीच. मी तसं वाचत नाही. 100 कोटींवर बाहेरच्या गुंतवणूकदाराला 4 टक्के हवे असतील तर वर्षाला 4 कोटी भाडं लागतं. 60,000 चौरस मीटरने भागलं तर महिन्याला चौरस मीटरमागे सरासरी 55 युरोंच्या वर, आणि यात तळमजल्यावरच्या अत्तराच्या काउंटरइतकाच सहाव्या मजल्यावरचा कोपराही आला. विक्रीच्या 8 टक्के भाडं पेलतं हे माझं गृहीत धरलं तर 4 कोटींसाठी एकट्या बर्लिनच्या दुकानाची विक्री 50 कोटी हवी. 5 टक्के परतावा मागणाऱ्यासाठी साडेबासष्ट कोटी. तिन्ही दुकानांची मिळून विक्री 70 कोटींच्या थोडी वर होती. व्याजदर चढलेले असताना निव्वळ भाडं खाणाऱ्या गुंतवणूकदाराला हे गणित जमवणं जड होतं.

सेंट्रल ग्रुपचं गणित वेगळं होतं. रिनाशेंते 2011 पासून त्यांची. कोपनहेगनचं इलुम, स्वित्झर्लंडचं ग्लोबुस, लंडनचं सेल्फ्रिजेस यांत ते होतेच, त्यातली शेवटची दोन सिग्नाबरोबरच्या भागीदारीत. एका छापाची दुकानं अनेक शहरांत असली की बड्या ब्रँडशी एकत्र बोलणी करता येतात. शिवाय स्वतःच्या इमारतीत भाडं किती ठेवायचं हा घरचा निर्णय. कमी भाडं ठेवलं तर इमारतीचं कागदी मूल्य घटेल, पण दुकान जगेल, आणि दोन्ही त्यांचंच. इमारत न घेणं हा त्यांच्यासाठी महागडा पर्याय होता, कारण परका मालक आला की 2006 ची गोष्ट पहिल्या पानापासून सुरू होणार.

मला 2015 ते 2019 च्या दरम्यान कोणी या इमारतीत वाटा देऊ केला असता, तर मी भाडेकरार मागण्याआधी दुकानाचा ताळेबंद मागितला असता. एकट्या बर्लिनच्या दुकानाची पाच वर्षांची विक्री, मजल्यागणिक. त्यातली स्वतःच्या मालाची किती आणि ब्रँडना दिलेल्या काउंटरवरची किती, कारण काउंटरच्या विक्रीत दुकानाच्या वाट्याला फक्त हिस्सा येतो आणि भाडं पेलण्याची ताकद त्या हिश्श्यात असते. भाडं ठरलं त्या दिवशी टेबलाच्या दोन्ही बाजूंना कोण बसलं होतं. निर्देशांकाच्या वाढीला वरची मर्यादा आहे का. नसेल तर मालक म्हणून मी स्वतःहून ती घालायला सांगितलं असतं. वर्षाला 3 टक्क्यांची मर्यादा सोसून मिळणारा जिवंत भाडेकरू, 7 टक्के वाढ लिहून देणाऱ्या मरणासन्न भाडेकरूपेक्षा मौल्यवान असतो. नूतनीकरणाचा पैसा कोण घालणार, आणि तो अर्ध्यावर थांबला तर उघडे पडलेले मजले कोणाचे.

हा शेवटचा प्रश्न पुस्तकी नाही. काडेवे समूह जी दोन नवी दुकानं चालवणार होता, त्यांपैकी व्हिएन्नाच्या मारियाहिल्फर रस्त्यावरच्या लामारचं बांधकाम सिग्नाबरोबरच थांबलं आणि अर्धवट इमारत दुसऱ्याला विकली गेली. ड्युसेलडॉर्फच्या कार्शहाउसचं कामही तसंच अडकलं. दोन्ही जागा मध्यवस्तीतल्या, दोन्हींचे पत्ते पहिल्या दर्जाचे.